अंडी कोणाच्या पाठीवर?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घरामागच्या खाचरातून बादलीभर पाणी, मूठभर चिखल आणि शेवाळाचा एक पुंजका आणून मी पडवीतल्या काचेच्या टाकीत ओतला. दरवर्षी पावसाळा लागला की मी हा उद्योग करतो आणि दरवर्षी घरातली माणसे तो सहन करतात. पाणी निवळायला एक रात्र गेली. सकाळी पाहतो तो शेवाळाच्या काडीला घट्ट धरून, डोके खाली आणि पोटाचे टोक वर अशा स्थितीत एक चपटा, तपकिरी, चिंचोक्याएवढा किडा बसला होता आणि त्याची सगळी पाठ अंड्यांनी भरलेली होती. तांदळाच्या कण्या कोणीतरी एकीला एक लावून उभ्या रोवाव्यात तशी ती दिसत होती. भिंगातून मोजली तेव्हा एकदा ६४ भरली आणि दुसऱ्यांदा ६१.

आत्या चहाचा कप घेऊन पडवीत आली, चष्मा नाकावर सरकवून बराच वेळ टाकीत पाहत राहिली आणि म्हणाली, "आईचं काळीज रे ते. जीव केवढासा, आणि पोरं पाठीवर घेऊन बसलीय."

"आत्या, तो बाप आहे," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले, पुन्हा टाकीकडे पाहिले आणि विचारले, "मग आई कुठे गेली?"

त्या वेळी मला दोन वाक्यांत उत्तर देता आले नाही. जे सांगायचे राहिले ते इथे लिहितो आहे.

आधी नावाचे पाहू. आमच्याकडे खाचरात, तळ्यात किंवा पाणंदीच्या डबक्यात दिसणाऱ्या अशा सगळ्या जिवांची 'पाण्यातला किडा' एवढ्यावरच बोळवण होते. मी याला पाणढेकूण म्हणतो आणि तसे म्हणण्याला आधार आहे, कारण खाटेतला ढेकूण, पिकावरचा मावा, भातावरचे तुडतुडे आणि हा किडा हे सगळे हेमिप्टेरा या एकाच गणातले आहेत. चावण्यासाठी जबडा नसणे आणि त्याऐवजी टोचून रस ओढणारी चोच असणे ही या सगळ्या गणाची खूण आहे. पाणढेकणांचे कूळ बेलोस्टोमॅटिडी या नावाने ओळखले जाते आणि जगभरात त्याच्या सुमारे १५० प्रजाती आहेत. आपल्याकडे नेहमी दिसणारा, पाठीवर अंडी वाहणारा लहान पाणढेकूण हा डिप्लोनिकस या प्रजातीसमूहातला असतो आणि त्याची लांबी साधारण दीड ते अडीच सेंटिमीटर भरते. त्याचा थोरला भाऊ म्हणजे लेथोसेरस इंडिकस. तो साडेसहा ते आठ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे तळहातावर ठेवला तर बोटांच्या मुळापासून मनगटाच्या दिशेने बराचसा तळवा व्यापतो. दक्षिण अमेरिकेतला लेथोसेरस मॅक्सिमस तर अकरा सेंटिमीटरच्याही पुढे जातो.

थोरल्या भावाची माझी पहिली भेट पाण्यात झालीच नाही. जूनच्या पहिल्या पावसानंतर एका रात्री एसटी थांब्यावरच्या दिव्याखाली तो उताणा पडलेला होता आणि मला आधी ते वाळलेले पान वाटले. उचलायला गेलो तर त्याने सगळे पाय आखडून घेतले आणि मेल्याचे सोंग केले. बोट लावताच मागच्या बाजूने दुर्गंधी पाण्याची पिचकारी मात्र बरोबर मारली. हे किडे रात्री एका पाणवठ्यावरून दुसऱ्याकडे उडत जातात आणि दिव्याला भुलतात. अमेरिकेत विजेचे दिवे नवे नवे रस्त्यांवर लागले तेव्हा तिथल्या लोकांनी याला 'विजेच्या दिव्याचा किडा' असेच नाव देऊन टाकले होते. त्यांचे दुसरे नाव 'पायाची बोटे चावणारा' असे आहे आणि त्याची सत्यता मी दहाव्या वर्षी लावणीच्या चिखलात उभा असताना स्वतः पडताळली आहे. तापलेल्या उलथन्याचा चटका बसावा तशी ती कळ होती. अंगठा संध्याकाळपर्यंत सुजून राहिला आणि आईने त्याला खेकडा चावल्याचे जाहीर करून टाकले.

तो चावा खरे तर माणसासाठी नसतोच. पाणढेकूण हा दबा धरणारा शिकारी आहे. पाण्यात इकडेतिकडे पोहत भक्ष्याचा पाठलाग करणे त्याला क्वचितच लागते. मागच्या दोन जोड्यांचे पाय चपटे आणि कडेला केसांची झालर असलेले असतात, तीच त्याची वल्ही. पुढची जोडी मात्र पोहण्याच्या कामाची नाही. ती जाड, आत वळलेली आणि चिमट्यासारखी मिटणारी असते. भक्ष्य आवाक्यात आले की हे पाय झडप घालतात, चोच मऊ जागा शोधून आत शिरते आणि लाळ सोडली जाते. या लाळेत भक्ष्य लुळे पाडणारे आणि मांस विरघळवणारे घटक असतात. आपण आधी गिळतो आणि मग पचवतो. पाणढेकूण पचनाचे काम भक्ष्याच्या शरीरातच उरकतो आणि तयार झालेला रस चोचीने ओढून घेतो. मी एका बेडूकमाशावर हे सगळे होताना घड्याळ लावून पाहिले आहे. धडपड एका मिनिटाच्या आत थांबली, पण जेवण तासाभराहून अधिक चालले. मधे मधे चोच काढून तो दुसऱ्या जागी खुपसत होता, शहाळ्यात मलई कुठे राहिली आहे ते चमच्याने चाचपावे तसा. शेवटी जे तरंगत वर आले ती फक्त कातडीची पिशवी होती.

लहान पाणढेकूण डासांच्या अळ्या, गोगलगायी, बेडूकमासे आणि माशांची पिल्ले यांवर राहतो. लेथोसेरसची मजल मोठे मासे आणि बेडूक यांच्यापर्यंत जाते. जपानमधील याच्या नातलगाला, किर्काल्डिया डेरोली या मोठ्या पाणढेकणाला, तिथे 'तागामे' म्हणतात. कीटकांचे अभ्यासक शिन्या ओहबा यांनी त्याला कासवाच्या पिल्लाच्या मानेत चोच खुपसून बसलेला पाहिला आणि २०११ साली त्याचे टिपण छायाचित्रासह प्रसिद्ध केले. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांना नेमाने खाणारे कीटक जगात फार थोडे आहेत. पाणढेकूण त्यांच्यात अग्रभागी आहे आणि ही मोठ्या भक्ष्याची चटक पुढच्या सगळ्या कथेचे मूळ आहे असे मला वाटते, म्हणून तिच्याशी पुन्हा येतो.

त्याआधी श्वासाविषयी लिहायला हवे, कारण टाकीजवळ बसून या किड्याकडे आठवडाभर पाहिल्यावर माझी खात्री पटली की हा प्राणी म्हणजे मुळात श्वासाचा एक न सुटणारा प्रश्न आहे. तो पाण्यात राहतो, पण त्याला कल्ले नाहीत. पोटाच्या टोकाला दोन छोट्या, आत-बाहेर सरकणाऱ्या पट्ट्या असतात. त्या पाण्याच्या पृष्ठभागाला लावून तो हवा आत घेतो आणि पंखांच्या खाली, पाठीवर तिचा साठा करतो. पाणविंचवाला यासाठी लांबलचक शेपटी असते आणि ती आत घेता येत नाही. पाणढेकणाची सोय आखूड आणि घडीची आहे. डोके खाली आणि टोक वर करून तो का बसतो याचे उत्तर एवढेच आहे, की या एकाच आसनात त्याला खालच्या भक्ष्यावर नजर ठेवता येते आणि वरच्या हवेशी संबंधही राखता येतो. शेवाळाची काडी सोडली की पंखाखालच्या हवेमुळे तो बुचासारखा वर येतो, त्यामुळे काहीतरी धरून राहणे हा त्याच्या जगण्याचाच भाग आहे.

हे मत्स्यशेती करणाऱ्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असते. माशांचे जिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्ले, सोडण्याआधी संवर्धन तळ्यातले पाणढेकूण आणि त्यांचे भाईबंद मारावे लागतात, नाहीतर ते बियाणे फस्त करतात. त्यासाठी आपल्या देशात पूर्वापार सांगितला जाणारा उपाय म्हणजे हेक्टरी ५६ किलो स्वस्त तेल आणि १८ किलो साबण एकत्र घोटून तळ्यावर पसरणे. या मिश्रणात किड्यांसाठी विष असे काही नाही. पाण्यावर तेलाचा पातळ पापुद्रा धरला जातो, वर आलेल्या किड्याला हवा मिळत नाही आणि तो गुदमरतो. ज्यांना हवा वरून घ्यावी लागत नाही त्या माशांना त्याचा त्रास होत नाही. इतका साधा, इतका नेमका उपाय शोधून काढणाऱ्याला मी मनोमन दाद देतो, जरी माझी सहानुभूती या प्रकरणात दुसऱ्या पक्षाकडे असली तरी.

आता अंडी. मोठे भक्ष्य पकडायचे तर शरीर मोठे हवे, आणि पाणढेकणाच्या पिल्लाला पहिल्याच दिवसापासून शिकार करायची असते, म्हणजे पिल्लूही मोठे हवे. पिल्लू मोठे हवे तर अंडे मोठे हवे. या कुळातल्या किड्यांना अळी आणि कोष या अवस्था नसतात. अंड्यातून बाहेर येणारे पिल्लू आईबापांसारखेच दिसते आणि पाच वेळा कात टाकून, शेवटच्या खेपेला पंख मिळवून प्रौढ होते. पण मोठ्या अंड्याची एक अडचण आहे. अंड्याला प्राणवायू मिळतो तो त्याच्या पृष्ठभागातून आणि खर्च होतो तो त्याच्या आकारमानात. अंडे वाढत जाते तसा आत लागणारा प्राणवायू झपाट्याने वाढतो, पण आत येण्याची वाट तितकी वाढत नाही. त्यात पाण्यात प्राणवायूचे प्रमाण हवेच्या सुमारे तिसावा भागच असते आणि तो हवेपेक्षा हजारो पट संथ गतीने पसरतो. म्हणजे पाण्याखाली ठेवलेले मोठे अंडे गुदमरून मरते. मग ते पाण्याबाहेर ठेवावे, तर दुसरी अडचण अशी की या अंड्यांना वाढताना पाणी शोषून फुगावे लागते आणि कोरडी पडली तर ती वाळून जातात. हिरण्यकश्यपूने मागितलेल्या वरासारखी ही अट आहे: ना पाण्यात, ना हवेत. उंबरठ्यावर बसवून ठेवणारे कोणीतरी हवे.

अमेरिकेतील ॲरिझोनाच्या ओढ्यांमधल्या अबेडस हर्बर्टी या पाणढेकणावर रॉबर्ट स्मिथ यांनी १९७०च्या दशकात केलेले काम या संदर्भात मूलभूत मानले जाते आणि मोठे भक्ष्य, मोठे शरीर, मोठे अंडे आणि म्हणून बापाची राखण ही साखळी त्यांनीच मांडली. माझ्या टाकीतला नर काय करत होता ते त्यांची वर्णने वाचल्याशिवाय मला कळले नसते. तो दिवसातून कितीतरी वेळ पाठ पाण्याच्या अगदी पातळीवर आणून बसायचा, म्हणजे अंड्यांचे माथे हवेत आणि बुडखे ओले. मग पाण्याखाली जाऊन तो पैलवानाने जोर काढावेत तसे शरीर वरखाली हलवायचा, त्यामुळे अंड्यांवरून ताजे पाणी फिरत राहायचे. अधूनमधून मागचे पाय पाठीवरून असे फिरवायचा, की पाहणाऱ्याला वाटावे तो अंडी पुसून घेतो आहे. नराने सोडून दिलेली अंडी पाण्यात पडली तरी जगत नाहीत आणि काठावर पडली तरी जगत नाहीत. याचा पडताळा स्वतः घ्यावा असे मला एकदा वाटले होते, पण ६१ की ६४ अंड्यांचा हिशेब डोक्यावर घेण्याची हिंमत झाली नाही.

हे अंडी वाहणारे नर आहेत एवढे समजायलासुद्धा विज्ञानाला बराच वेळ लागला. पाठीवर अंडी घेऊन फिरणाऱ्या पाणढेकणी आहेत आणि त्या स्वतःच्याच पाठीवर अंडी घालतात असे एकोणिसाव्या शतकातल्या कीटकशास्त्रज्ञांचे म्हणणे होते. म्हणजे आमच्या आत्याचे जे मत होते तेच. १८९९ साली फ्लॉरेन्स स्लेटर या अमेरिकन संशोधिकेने ओझेवाले किडे नर असतात हे दाखवून दिले. तिला संशय कशावरून आला ते मोठे मजेदार आहे. काचपात्रातला एक किडा पाठीवरचे ओझे झटकून टाकण्याची धडपड करतो आहे असे तिला दिसले आणि आपल्याच अंड्यांविषयी इतकी अनास्था आईकडून अपेक्षित नाही, असा विचार तिच्या मनात आला. तिच्या मते मादी नराला पकडून, त्याच्या मनाविरुद्ध, अंडी त्याच्या पाठीवर चिकटवते आणि तो बिचारा त्या भाराखाली चडफडत असतो. निष्कर्ष बरोबर होता, कारण चुकीचे होते. पाठीवरून पाय फिरवणे आणि अंग हलवणे या ज्या हालचाली पुढे स्मिथ यांनी अंड्यांची निगा म्हणून नोंदल्या, त्याच तिला सुटकेची धडपड वाटल्या असाव्यात. बाप कंटाळलेलाच असणार या समजुतीने एक खरी गोष्ट सापडली, याचे मला राहून राहून हसू येते.

मनाविरुद्ध म्हणावे तर परिस्थिती अगदी उलटी आहे. नर पाण्याच्या पृष्ठभागाजवळ तेच जोर काढून लाटा उठवतो आणि मादीला बोलावतो. ती आली की आधी समागम होतो, मग तो तिला पाठीवर दोन-तीन अंडी घालू देतो आणि लगेच थांबवून पुन्हा समागम करतो. पुन्हा दोन-तीन अंडी, पुन्हा समागम. स्मिथ यांनी पाहिलेल्या एका जोडीने ३६ तासांत १०० हून अधिक वेळा हा क्रम केला. यामागचे कारण त्यांनी प्रयोगाने दाखवले. पाठीवर पट्टा असलेल्या आणि नसलेल्या किड्यांच्या अनुवंशाचा माग काढून त्यांनी सिद्ध केले की मादीने आधी दुसऱ्या नराशी समागम केलेला असला, तरी शेवटच्या नराचेच बीज जवळपास सगळ्या अंड्यांना फळते. ज्याला इतके दिवस ओझे वाहायचे आहे तो आपल्या पाठीवरचे प्रत्येक अंडे आपलेच आहे याची खातरजमा करूनच ते घेतो. मी पोटापाण्यासाठी हिशेब तपासण्याचे काम करतो आणि दर तीन नोंदींनंतर बेरीज पडताळणारा इतका काटेकोर गडी माझ्या धंद्यात मला अजून भेटलेला नाही.

यात प्रेम, त्याग वगैरे शब्द मी मुद्दामच टाळतो. पण किंमत खरी आहे. अंडी पाठीवर असेपर्यंत नराला पंख उघडता येत नाहीत, म्हणजे डबके आटले तरी उडून जाण्याची वाट बंद असते. पोहण्याचा वेग कमी होतो आणि शिकारही कमी मिळते. मी एका बरणीत अंडी नसलेला दुसरा पाणढेकूण ठेवला होता. दोघांनाही संध्याकाळी डासाच्या २५ अळ्या दिल्या. बरणीतल्याने सकाळपर्यंत चार शिल्लक ठेवल्या आणि टाकीतल्या बापाने तेरा. एका रात्रीच्या मोजणीवरून सिद्धांत मांडायचा नसतो हे मला कळते, पण आत्याला तेवढ्याने पटले. डासांच्या अळ्या खाण्याच्या या भुकेमुळेच आपल्याकडे डिप्लोनिकसचा डासनियंत्रणासाठी अभ्यास झालेला आहे.

थोरल्या भावाची रीत वेगळी आहे आणि माझ्या मते अधिक थरारक. लेथोसेरस आणि जपानी तागामे पाठीवर अंडी घेत नाहीत. मादी पाण्याबाहेर आलेल्या काडीवर किंवा वेताच्या बुंध्यावर साठ-सत्तर ते शंभर अंड्यांचा घोस चिकटवते आणि निघून जाते. नर खाली पाण्यात थांबतो, रात्री वारंवार काडीवर चढतो, अंगावरचे पाणी अंड्यांवर निथळू देतो आणि प्रसंगी अंगाने त्यांच्यावर सावली धरतो. म्हणजे तांब्याने रोपांना पाणी घालावे तसे हे चालते, फक्त तांब्या तो स्वतःच असतो. जपानचे नोरिताका इचिकावा यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे तपशीलवार नोंदवले आणि त्याच अभ्यासात त्यांना एक भीषण गोष्ट दिसली. दुसरी मादी येते, राखणाऱ्या नराला न जुमानता काडीवर चढते आणि पहिलीची अंडी चोचीने फोडून टाकते. नर आडवा येतो, पण मादी त्याच्याहून मोठी असते. अंडी नष्ट झाल्यावर तोच नर त्या मादीशी जोडी जमवतो आणि तिच्या अंड्यांची राखण सुरू करतो.

प्रथम वाचले तेव्हा मला हे केवळ क्रौर्य वाटले होते. पण साखळी पुन्हा जोडून पाहिली की अर्थ लागतो. अंड्यांना राखणदाराशिवाय जगता येत नाही. राखण नरच करतो आणि एकेका नराचे अनेक दिवस त्यात जातात. त्यामुळे मोकळा नर ही दुर्मीळ वस्तू ठरते. मादीजवळ अंडी तयार असतात, पण ती ठेवायला जागा नसते. आपल्याकडे पुण्या-मुंबईत भाड्याची खोली शोधलेल्या माणसाला ही निकड समजायला हरकत नाही. मग ती आधीच्या भाडेकरूला बाहेर काढते. आत्याच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. आई गेली खायला, कारण पुढची अंडी तयार करायची तर तिला भरपूर शिकार हवी, आणि ती अंडी घेऊन पुढचा मोकळा बाप शोधायला.

अबेडसविषयी एक गोष्ट इथे सांगून टाकतो, कारण पाऊस हा आपला विषय आहे. ॲरिझोनाच्या त्या ओढ्यांना वाळवंटी मुलखात अचानक लोंढा येतो. तिथला हा पाणढेकूण उडू शकत नाही. पण पावसाची जोरदार सर काही वेळ सलग लागली की तो ओढा सोडून चालत काठावर चढतो, पात्रापासून दूर जातो आणि लोंढा ओसरल्यावर परत येतो. डेव्हिड लायटल यांनी १९९९ साली नळीने कृत्रिम पाऊस पाडून ही सवय तपासली आणि पावसाचाच तो इशारा असल्याचे दाखवले. आमच्या गावच्या वहाळाकाठी घरे बांधणाऱ्यांना एवढी समज असती तर बरे झाले असते.

लेथोसेरस इंडिकसचा माणसाशी संबंध निव्वळ चाव्याचा नाही. मणिपूरमध्ये त्याला नाओसेक म्हणतात आणि तो आवडीने खाल्ला जातो. थायलंडमध्ये तो 'मेंगदा' या नावाने बाजारात मिळतो आणि मिरचीच्या चटणीत वाटला जातो. तिथे नराला मादीपेक्षा जास्त मागणी असते, कारण नराच्या अंगात फळांसारखा एक उग्र गोड वास असतो. या वासाचे रसायन १९५७ साली आडोल्फ बुटेनांट यांनी ओळखून काढले. माणसाच्या लैंगिक संप्रेरकांवरच्या कामासाठी १९३९ चे नोबेल पारितोषिक मिळालेले हेच ते बुटेनांट. शिवाय या किड्याचे उडण्याचे स्नायू शास्त्रज्ञांच्या फार आवडीचे आहेत. त्यांच्यातील तंतूंची मांडणी विलक्षण शिस्तीची असते आणि स्नायू नेमका कसा आखडतो यावरचे १९६५ सालचे रीडी, होम्स आणि ट्रेगियर यांचे गाजलेले काम याच स्नायूंवर झाले आहे. आपला दंड वळताना आत काय घडते ते समजण्यात एसटी थांब्यावर उताण्या पडणाऱ्या या किड्याचा वाटा आहे.

उताणा पडणे हीच आता त्याची अडचण होऊन बसली आहे. जपानमध्ये भातखाचरे कमी झाली, कीटकनाशके वाढली, रात्रीचे दिवे वाढले आणि एकेकाळी खेड्यातल्या पोरांच्या खेळातला तागामे इतका विरळ झाला, की २०२० पासून तिथे त्याच्या विक्रीवर कायद्याने बंदी आहे. आमच्याकडे मोजणी कोणी केलेली नाही, पण थांब्याजवळ जुन्या पिवळ्या दिव्यांच्या जागी आलेल्या पांढऱ्या झगझगीत दिव्यांखाली सकाळी कावळे काय टिपत असतात ते मी जून महिन्यात रोज पाहतो.

नवव्या दिवशी पहाटे टाकीतली अंडी फुटायला लागली. तोपर्यंत ती चांगलीच फुगली होती आणि एकमेकींना रेटून कडेची काही तिरकी झाली होती. प्रत्येक अंड्याचे टोपण उघडून त्यातून फिकट, जवळजवळ पारदर्शक पिल्लू पुढे झुकत बाहेर येत होते. पाय सुटे झाले की ते पाण्यात घसरायचे आणि पहिली गोष्ट कोणती करायचे, तर पोटाचे टोक पृष्ठभागाला लावायचे. नर या सगळ्या वेळात पाठ पाण्याच्या पातळीवर धरून स्तब्ध होता. दुपारपर्यंत पिल्ले तपकिरी झाली आणि संध्याकाळी दोघांनी मिळून तिसऱ्याला धरलेले दिसले, तेव्हा मी गाळणीने ती उचलून खाचरात सोडून दिली. नराच्या पाठीवर रिकाम्या कवचांचा पत्रा तेवढा राहिला. तो एका कडेने सुटला होता. मागच्या पायांनी ओरबाडून त्याने दुसऱ्या दिवशी तोही काढून टाकला आणि मधाच्या पोळ्याच्या वाळक्या तुकड्यासारखा तो पाण्यावर तरंगत राहिला. तासाभरात त्याने एक बेडूकमासा धरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीत पाणी होते, शेवाळ होते, तो पत्रा होता आणि नर नव्हता. इतके दिवस त्याचे पंख अंड्यांखाली बंद होते, म्हणून टाकीवर जाळी घालायची मला आठवणच राहिली नव्हती.

आत्याने टाकीत डोकावून विचारले, "आता बापही गेला?"